जत्रेला याल तेव्हा फोन चार्ज करून या

पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद आणि त्याही पलीकडे कोडिंग करणाऱ्या नगर जिल्ह्यातल्या मित्रमैत्रिणींनो,



मी तुमच्यातलाच एक. पुण्यातल्या एका कंपनीसाठी बॅकएंडचं काम करतो. २०२० मध्ये सगळ्यांसारखा लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि मग परत गेलोच नाही. नगरला सावेडीत घर आहे, इंटरनेट बरं चालतं, सकाळी स्टँडअप आणि रात्री आईच्या हातची बाजरीची भाकरी. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तुमचे जे तास जातात, ते मला मोकळे मिळतात. त्या तासांचं मी काय करतो हे सांगायचं आहे आणि तुमच्याकडे एक काम मागायचं आहे, म्हणून हे पत्र.

मी नकाशा काढतो, ओपनस्ट्रीटमॅपवर. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रिटनमध्ये सरकारी नकाशांची माहिती वापरायची तर भरपूर पैसे मोजावे लागत. त्याला वैतागून स्टीव्ह कोस्ट नावाच्या विद्यार्थ्याने २००४ मध्ये लोकांनीच भरायचा नकाशा सुरू केला. कारभार विकिपीडियासारखा. खातं उघडा, भर घाला, दुसऱ्याची चूक दुरुस्त करा. कुणी काय बदललं याचा इतिहास सगळ्यांना दिसतो आणि माहिती कुणालाही फुकट वापरता येते. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्त-ओ-प्रिन्सचा धड नकाशाही हाताशी नव्हता. जगभरच्या हौशी लोकांनी घरबसल्या उपग्रहाची चित्रं बघून काही दिवसांत रस्ते, इमारती, छावण्या आखल्या आणि मदत पथकं तोच नकाशा घेऊन फिरली. २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपातही असंच झालं.

आपल्याकडची अडचण भूकंपाइतकी मोठी नाही, पण रोजची आहे. ती म्हणजे वस्त्या.

नगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १४ तालुके, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर पसारा. उत्तरेत प्रवरेचे कालवे आले, दक्षिणेत विहिरींवर आधी इंजिनं आणि मग मोटारी बसल्या, तशी माणसं गावठाण सोडून रानात राहायला गेली. आज गावात देऊळ, शाळा, सोसायटी आणि चार दुकानं, माणसं मळ्यात. एकाच गावात दोन गायकवाड वस्त्या असतात, एक ओढ्याच्या अलीकडं आणि एक पलीकडं. शेजारच्या गावात तिसरी असतेच. मोबाइलवर गावाचं नाव टाकलं की बाण आपल्याला ग्रामपंचायतीसमोर नेऊन सोडतो. तिथून पुढचा पत्ता तुम्हाला पाठ आहे: डांबरी सोडायची, डीपीपासून डावीकडं वळायचं, मग कुणालाही विचारायचं. रात्री दोन वाजता कुणाला विचारायचं?

म्हणून अँब्युलन्स बोलावली की घरातलं एक पोरगं मोटारसायकल घेऊन फाट्यावर जाऊन उभं राहतं. चालक चांगला असतो, गाडी वेळेत निघालेली असते, पण शेवटच्या तीन किलोमीटरचा भरवसा त्या पोराच्या हेडलाइटवर. उसात बिबट्या दिसला तर वन खात्याच्या माणसालाही हीच वाट शोधावी लागते. गॅसवाला, कुरिअरवाला, मतदार यादी घेऊन फिरणारे गुरुजी, सगळ्यांची तीच गत. अपवाद फक्त दुधाच्या गाडीवाल्यांचा. माझ्या मते जिल्ह्याचा सर्वांत अचूक नकाशा दूध गोळा करणाऱ्या पिकअप चालकांच्या डोक्यात आहे, आणि त्याचा बॅकअप कुणीही घेतलेला नाही.

सरकारकडे नकाशे नाहीत असं नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग तर १७६७ सालचा. गाव नकाशे आहेत, गट नंबर आहेत, सातबारा ऑनलाइन मिळतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली. पण त्या मोजणीचा हेतू घरमालकाला मिळकत पत्रिका देण्याचा आणि तिची हद्द गावठाणापुरती. अमक्या गटाचा मालक कोण हे दप्तरात सापडतं; ‘चिंचेचा मळा’ कुठं ते सापडत नाही. आणि छातीत कळ आलेल्या माणसाच्या घरचे फोनवर गट नंबर सांगत नाहीत.

तर रात्री जेवणं झाली की मी उपग्रहाचं चित्र उघडतो. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधून शिणलेल्या डोळ्यांना हा दुसरा स्क्रीन कसा चालतो, असं बायको विचारते. चालतो, कारण इथं बघायला आपला मुलूख असतो. वरून पारनेर तालुका बघितलाय कधी? शेततळी म्हणजे प्लॅस्टिक अंथरलेले निळे-काळे चौकोन. विहिरी काळ्या ठिपक्यासारख्या, कडेला सावलीची कोर असली की पाणी खोल गेलंय समजायचं. लांबट पत्र्याच्या अरुंद पट्ट्या दिसल्या तर त्या कांद्याच्या चाळी, रुंद पत्रा असला आणि बाजूला शेणाचा काळा उकिरडा असला तर गाईंचा गोठा. डाळिंबाची बाग ठिपक्यांच्या रांगांनी ओळखू येते. घराच्या अंगणात हिरवा गोळा दिसला की लिंब नाहीतर चिंच. एका वस्तीचा रस्ता, घरं, विहीर, शेततळं आखायला चहा थंड होण्याइतकाच वेळ लागतो.

पण उपग्रहाला नाव दिसत नाही. तिथं आई लागते.

आईचं माहेर पारनेर तालुक्यातलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मामांनी बजावलंय. जत्रेच्या दिवसांत आम्ही चौघं तिकडं जातो. बायको गाडी चालवते, लेक फोन धरून बसते आणि आई पुढच्या सीटवरून सांगत जाते: हा खळवाडीचा रस्ता, ही औटी वस्ती, ते भैरोबाचं ठाणं, त्या वळणावर पूर्वी आंब्याचं झाड होतं म्हणून आजही आंब्याचं वळण. माझ्या मुलीला शाळेत अक्षांश-रेखांश शिकवले होते, पण त्यांचा उपयोग तिला आजीच्या बोटामागं फिरताना कळला.

एकदा एका मळ्याच्या तोंडाशी आम्ही उतरलो. मी मोबाइल समोर धरून पाणंदीने चालत होतो. पाठीमागून आवाज आला, “ओ साहेब, काय मोजताय?” धोतर, टोपी, हातात विळा, सोबत दोन भुंकणारी कुत्री. मी उत्साहाने सांगायला लागलो की हा खुला नकाशा असतो, त्यात वस्त्यांची नावं भरतो. बाबांचा चेहरा आणखी आवळला. “म्हणजे रस्ता जाणार का हितून? भूसंपादन आलं का?” त्यांचं चुकलं नव्हतं. जिल्ह्याच्या कोपरगाव भागातून समृद्धी महामार्ग गेलेला सगळ्यांनी पाहिलाय, सुरत-चेन्नई महामार्गाची चर्चा गावोगाव झालीय. फोन धरून रानात फिरणारा पॅंटवाला माणूस दिसला की शेतकऱ्याच्या मनात पहिला तोच विचार येणार. माझं तांत्रिक स्पष्टीकरण काही कामाचं नव्हतं. मग आई गाडीतून उतरली, पदर सावरला, “अहो, मी किसनरावांची थोरली,” म्हणाली. बाबांनी डोळे बारीक केले. “किसनभाऊची? मंग अशी उन्हात का हुबी?” पुढचा तास लिंबाखाली गेला. चहा झाला, ओल्या हरभऱ्याचा विषय निघाला, आणि त्या शिवारातली सगळी नावं, वस्तीची, ओढ्याची, बुजलेल्या विहिरीची, एकामागून एक आली. लेकीने ती वहीत लिहिली, कारण फोनची बॅटरी संपली होती. शीर्षकातली सूचना तेव्हापासूनची.

नावांच्या बाबतीत एक अवघड गोष्ट आहे, ती झाकून ठेवत नाही. आपल्या गावांतल्या कितीतरी वस्त्यांना जातीची नावं होती. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये ती बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. बऱ्याच ठिकाणी तिथल्या लोकांनी त्याच्याही खूप आधी आपली नावं बदलून कमानी उभारल्या होत्या. पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात जुनं नाव बसलेलं असतं. आईनेही सवयीने तेच सांगितलं आणि मागच्या सीटवरून लेक म्हणाली, “आजी, कमानीवर भीमनगर लिहिलंय.” ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जागेचं पूर्वीचं नाव टाकायला स्वतंत्र रकाना असतो. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हा ‘अहमदनगर’ त्या रकान्यात ठेवणं योग्यच, कारण जुनी कागदपत्रं घेऊन शोधणाऱ्याला ते लागतं. वस्त्यांच्या जातीवाचक नावांसाठी मात्र मी तो रकाना वापरत नाही. इतिहास जपायचा तर ग्रंथालयं आहेत, जनगणनेची जुनी पुस्तकं आहेत. मोबाइलवर पत्ता शोधणाऱ्या डिलिव्हरीच्या पोराला कुणाची जात कळण्याचं काही कारण नाही. नकाशावाल्यांत यावर वाद आहेत, “जमिनीवर जे बोललं जातं ते नोंदवा” असं म्हणणारे आहेत. माझं उत्तर असं की राहणाऱ्याने स्वतःच्या घराला जे नाव दिलं, तेच जमिनीवरचं नाव.

ही हौस मला लागली कुठं, तर जर्मनीत. कंपनीने काही महिन्यांसाठी स्टुटगार्टला पाठवलं होतं, मागोमाग बायको, मुलगी आणि उन्हाळ्यात आईही आली. तिथले लोक ओपनस्ट्रीटमॅपसाठी वेडे आहेत. झाडं, टपालपेट्या, पाणपोया, बागेतली बाकडीसुद्धा नकाशात असतात, आणि बाकड्याला टेकायला पाठ आहे की नाही याचीही नोंद असते. आईचे गुडघे दुखायचे, त्यामुळे आम्ही नकाशात बाकडी बघूनच फिरायचा रस्ता ठरवायचो. तिला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “बाकड्याला पाठ आहे का हे लिहिलंय यांनी, आणि आपल्या औटी वस्तीचं नाव नाही?” त्याच रात्री मी खातं उघडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतीयांना नकाशे करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगीची अट, संवेदनशील बाबी सोडून, काढली. तोवर आपल्याकडे हा छंद जरा दबकतच चालायचा.

आता आमचं फिरणंही याच धाग्याने होतं. गोवा, मनाली झालं तसं जिल्ह्यातलं फिरणंही चालू असतं, आणि खरं सांगायचं तर मुलीला हेच जास्त आठवतं. कळसूबाईला आम्ही बारी गावातून चढलो, १६४६ मीटर, शिड्यांवर तिने मला ओढत नेलं. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघताना, भोवऱ्यात अडकलेला दगड हजारो वर्षं फिरून काळ्या पाषाणाला कसा कोरतो, हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला. नेवाशाला पैस खांबापाशी आजी म्हणाली, ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी इथं सांगितली, तेव्हा मुलीने पहिला प्रश्न विचारला: “मग लिहून कोण घेत होतं?” ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंद बाबांचं नाव त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्याने घेतलं गेलं असावं.

पण पेडगावचा दिवस वेगळा. श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी हा किल्ला, बहादूरगड, आता धर्मवीरगड. संभाजी महाराजांना १६८९ मध्ये कैद करून इथंच औरंगजेबासमोर आणलं होतं, म्हणून लोक इथं येतात ते बहुधा डोळे ओले करूनच परततात. आम्हीही तसेच होतो. परतताना नदीच्या बाजूला हत्तीमोट दिसली, नदीचं पाणी वर चढवण्यासाठी केलेलं ते जुनं बांधकाम. मुलीने मोट म्हणजे काय विचारलं आणि आई बोलायला लागली. बैलांची धाव, जाड नाडा, बारीक सोंदूर, पाणी येऊन पडतं ते थारोळं, मोट हाकताना आजोबा बैलांशी काय बोलायचे, बैल मागे सरकताना लाकडी चाक कसं करकरायचं. माहेरच्या विहिरीवर मोटार बसायच्या आधीचं तिचं लहानपण. तिने हे मला कधीच सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. नकाशात मोटेसाठी तयार खूण नाही. त्या ठिपक्याच्या वर्णनात मी धाव आणि थारोळं हे शब्द मराठीत लिहून ठेवले.

सगळंच नकाशात टाकायचं नसतं, हेही फिरता फिरता ठरत गेलं. मेच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे येतात. हिरड्याचं, जांभळाचं अख्खं झाड एका तालात उजळतं आणि विझतं. तिथं गाड्यांच्या रांगा, हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च यांची गर्दी वाढत चाललीय आणि काजव्यांच्या विणीचे तर तेच दिवस. आम्हाला एका आडबाजूला एकटं उजळणारं झाड सापडलं. मी ते नोंदवलं नाही आणि तुम्हीही नोंदवू नका. घुबडाची ढोली, माळावरच्या टिटवीची अंडी, शेतकऱ्याच्या बोअरचं ठिकाण, कुणाच्या घरावर कुणाचं नाव, हेही नको. ऊसतोड कामगारांच्या कोप्या तर हंगामाबरोबर हलतात, त्या कायमच्या नकाशात चुकीच्याच ठरतात. आणि भिंगारची छावणी, के. के. रेंज या लष्करी हद्दीत फोन खिशातच ठेवा. नगरमध्ये वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण सुना-जावयांना सांगा.

तुम्ही म्हणाल, गुगलवर टाकलं तर जास्त लोकांना दिसेल. टाका की, कोण नाही म्हणतंय. पण तिथं भरलेली माहिती कंपनीच्या अटींवरच वापरता येते. उद्या झेडपीच्या शाळेतल्या शिक्षिकेला गावाचा नकाशा मोठा करून वर्गात लावायचा असेल, प्राथमिक आरोग्य केंद्राला वस्तीवार लसीकरणाचा आराखडा करायचा असेल, किंवा एखाद्या पोराला इंटरनेट नसताना चालणारं ॲप बनवायचं असेल, तर खुला नकाशा परवानगी न मागता, विनापैसा हाती येतो. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती आहे हे नमूद करायचं. आणि एक पथ्य: गुगलच्या नकाशावरून बघून इथं उतरवून घ्यायचं नाही. परवाना मोडतो, आणि तिथल्या स्पेलिंगच्या चुकाही सोबत येतात.

तुमच्यातल्या प्रत्येकाला हे काम येतं. डेटा कसा ठेवावा, डुप्लिकेट कसं टाळावं, बदल करताना नोंद काय लिहावी, हे तुम्ही रोज पगार घेऊन करता. सरपंचाला किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला हे शिकवायला वर्ष लागेल, तुम्हाला एक दुपार. आणि तुमच्याकडे जे अजून आहे ते फार दिवस नसणार: नावं सांगणारी माणसं. गेल्या दोन वर्षांत आमच्या मामांच्या आळीतली तीन म्हातारी माणसं गेली. त्यातल्या एका आजोबांना ओढ्याच्या प्रत्येक वळणाचं नाव येत होतं. आम्ही त्यांच्याकडे जायचं ठरवत होतो.

तेव्हा मागणी साधी आहे. या चैत्रात जत्रेला याल, किंवा दिवाळीला याल, तेव्हा शनिवारची एक दुपार मोकळी ठेवा. त्याआधी पुण्यात बसूनच उपग्रहाच्या चित्रावरून आपल्या गावाचे रस्ते आणि घरं आखून ठेवा. गावात आलात की आईला, आजीला, नाहीतर दूधवाल्याला गाडीत पुढं बसवा आणि एका टोकापासून सुरू करा. नाव मराठीत, देवनागरीत भरा. इंग्रजी नंतर. जिथं दोन नावं सांगतील तिथं राहणाऱ्यांना विचारा. कुणी हटकलं तर ॲपबद्दल बोलू नका, आजोळचं नाव सांगा. पायात बूट घाला, कुत्र्यांसाठी खिशात बिस्किटं ठेवा. आपल्या एका गावाचं काम झालं की तालुक्यात आणखी कुणाचं गाव राहिलंय ते कळवा. सावेडीत माझ्या घरी या, चहा मी करेन.

आपला,
सावेडीतला एक बॅकएंडवाला